लॉनचं वर्ष ऑगस्टात सुरू होतं: थंड प्रदेशातली हिरवळ आणि रानफुलं, पेरणीपासून बर्फ वितळेपर्यंत

एप्रिल अर्धा सरला की मिनियापोलिस, शिकागो, डेट्रॉइट, टोरांटोकडच्या मराठी व्हॉट्सॲप गटांत एक प्रश्न हमखास येतो: "बॅकयार्डात टक्कल पडलंय, कोणतं बी टाकू?" कुणीतरी दुकानातल्या पोत्याचा फोटो टाकतं, शनिवारी बी पडतं, मे महिन्यात कोवळी हिरवळ दिसते आणि जुलैअखेर त्याच जागी पुन्हा टक्कल किंवा क्रॅबग्रास हे उन्हाळी तण.

बहुतेक वेळा बी चांगलंच असतं, चुकते ती वेळ. वसंतात पेरलेल्या गवताची मुळं खोल जाण्याआधीच उन्हाळा त्याला गाठतो, आणि त्याच दिवसांत क्रॅबग्रासही उगवत असतं. थंड प्रदेशात माती उबदार, हवा निवत चाललेली आणि नवं तण कमी असा काळ एकदाच येतो, ऑगस्टच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत. खाली दिलेलं सगळं मिनेसोटा, विस्कॉन्सिन, मिशिगन, उत्तर इलिनॉय, दक्षिण ओंटारिओ अशा भागांसाठी आहे, म्हणजे केंटकी ब्लूग्रास, फाइन फेस्क्यू, रायग्रास ही गवतं असलेल्या लॉनसाठी. टेक्सास किंवा अटलांटाच्या बर्म्युडा गवताला यातलं काहीही लावू नका.

पूर्ण लेख वाचायला वेळ नसेल तर एवढं धरून चाला: बी एकतर इतकं लवकर पेरायचं की जमीन गोठण्याआधी रोप सावरेल, नाहीतर इतकं उशिरा की ते वसंतापर्यंत उगवणारच नाही. या दोन्हींच्या मधला ऑक्टोबर पेरणीचा महिना नाही.

१. जुलै ते ऑगस्टची सुरुवात: मोजमाप, माती, बी

आधी क्षेत्रफळ मोजा. इथली सगळी मात्रा १,००० चौरस फुटांवर सांगितलेली असते. एक गुंठा १,०८९ चौरस फुटांचा, त्यामुळे "गुंठ्याला इतकं" असं धरलंत तरी अंदाज फारसा चुकत नाही. घर, ड्राइव्हवे, डेक वजा करा. पूर्ण प्लॉटचा आकडा धरून खत टाकणारे पुष्कळ आहेत, आणि जळक्या पट्ट्यांचं एक कारण तेच.

माती परीक्षण याच वेळी करून घ्या. मिनेसोटा विद्यापीठासारख्या कृषी शाखा असलेल्या विद्यापीठांच्या प्रयोगशाळा घरगुती नमुने घेतात. लॉनच्या दहा-बारा ठिकाणांहून ३ ते ४ इंच खोलीपर्यंतची माती घ्या, प्लास्टिकच्या बादलीत एकत्र करा आणि सावलीत वाळवून पाठवा. जस्ताचा मुलामा दिलेली बादली नको, जस्ताचा आकडा चुकतो. सामू (pH) ६ ते ७ च्या दरम्यान आला तर त्याच्या वाटेला जाऊ नका. शेजारी चुना टाकतो म्हणून आपणही टाकायचा, ही इथली जुनी खोड आहे. मध्य-पश्चिमेतल्या बऱ्याच मातीचा सामू मुळातच चढा असतो, तिथे चुन्याने नुकसानच होतं.

बी घेताना पोत्याच्या दर्शनी चित्राकडे न बघता मागचं लेबल वाचा. तणाच्या बियांचं प्रमाण जितकं शून्याजवळ तितकं चांगलं, उगवणक्षमता ८० टक्क्यांच्या वर हवी आणि चाचणीची तारीख अलीकडची. "ॲन्युअल रायग्रास" (एकाच वर्षाचं, लॉनचं टिकाऊ रायग्रास वेगळं) असं दिसलं तर पोतं परत ठेवा. ते आठवड्यात हिरवंगार होतं आणि पहिल्याच हिवाळ्यात मरतं. स्वस्त मिश्रणात भरतीला बहुधा तेच असतं. भरपूर ऊन असेल तर ब्लूग्रासचं प्रमाण जास्त, मोठ्या मेपलखाली किंवा घराच्या उत्तरेला फाइन फेस्क्यू जास्त.

> सावधान: वसंतात क्रॅबग्रास रोखणारं औषध टाकलं असेल तर त्याच्या लेबलवर पेरणीआधी किती आठवडे थांबायचं ते दिलेलं असतं, बहुधा दोन ते चार महिने. हे औषध उगवणारं गवत ओळखत नाही, तुमचं बीही मारतं. ओंटारिओत सेंद्रिय उपाय म्हणून विकलं जाणारं कॉर्न ग्लूटनही तेच करतं.

रानफुलांचा पट्टा करायचा विचार असेल तर त्याचं कामही याच उन्हाळ्यात सुरू होतं, खरं तर जूनमध्येच. सातवा टप्पा आधी वाचून घ्या.

२. पेरणीचा आठवडा: जमीन उघडी करणं

इथला क्रम बदलू नका.

आधी लॉन २ इंचांपर्यंत कापा आणि कापलेलं गवत उचलून टाका. एरवी, हिवाळ्याआधीची शेवटची कापणी सोडली तर, ३ इंचांच्या खाली जायचं नसतं, पण या वेळी नव्या कोंबांना ऊन मिळायला हवं. गवत खूप वाढलं असेल तर तीन-चार दिवसांच्या अंतराने दोनदा कापा.

मग आदल्या दिवशी पाणी देऊन जमीन वाफशावर आणा. कोरड्या टणक मातीत एरेटर (जमिनीला भोकं पाडणारं मशीन) आत जात नाही आणि चिखलात तो भोकाच्या भिंती लिंपून टाकतो. मूठभर माती दाबली की गोळा व्हावा आणि बोटाने टोचला की फुटावा, तो खरा वाफसा.

तिसरं काम एरेशन. भाड्याने मिळणाऱ्या मशिनांपैकी मातीच्या कांड्या उपसून बाहेर टाकणारं मशीन घ्या. नुसते खिळे टोचणारे रोलर किंवा बुटाला बांधायचे खिळे माती बाजूला दाबून आणखी टणक करतात. उभं-आडवं दोनदा फिरवा. वर पडलेल्या कांड्या उचलू नका, पाऊस-पाण्याने त्या आपोआप विरतात.

> तपासणी: मशीन सुरू करण्याआधी प्रत्येक स्प्रिंकलरच्या तोंडाशी छोटा झेंडा रोवलाय ना? कुत्र्याला आवारात रोखण्यासाठी पुरलेली तार, उथळ टाकलेली इंटरनेटची केबल, या जागाही खुणा करून ठेवा.

मातीच्या वर मेलेल्या काड्यांचा, मुळांचा थर अर्ध्या इंचाहून जाड असेल तर एरेशनसोबत तो रेकने किंवा पॉवर रेकने ओरबाडून काढावा लागेल. त्याहून पातळ थराला हात लावायची गरज नाही.

३. पेरणी

हे काम तासाभराचं. बी दोन सारख्या भागांत वाटा, अर्धं उत्तर-दक्षिण आणि अर्धं पूर्व-पश्चिम फिरत फोका. स्प्रेडर (बी सारखं पसरवणारी ढकलगाडी) असेल तर उत्तम, नसेल तर हातानेही जमतं. असलेल्या लॉनवर फक्त ब्लूग्रास टाकायचं तर १,००० चौरस फुटांना १ ते १.५ पौंड पुरतं, कारण त्याचं बी फार बारीक. फेस्क्यू-रायग्रासचं मिश्रण असेल तर ३ ते ४ पौंड. पूर्ण टक्कल पडलेल्या जागी साधारण दुप्पट. त्याहून दाट टाकू नका. अति दाट रोपं एकमेकांची उपासमार करतात आणि दमट हवेत त्यांना बुरशी लवकर लागते.

मग रेक उलटा धरून हलक्या हाताने फिरवा. बी पाव इंचाहून खोल जाता कामा नये, पण मातीला चिकटलेलं हवं. गवताच्या पात्यांवर अडकून राहिलेलं बी पक्ष्यांसाठीच असतं. वरून पाव इंच चाळलेलं कंपोस्ट पसरलंत तर ओल टिकते. ताजं शेणखत मात्र नको, त्यातून तणाचं बी येतं.

४. पाणी: जिथे बहुतेकांचं बिघडतं

पहिले दोन-तीन आठवडे मातीचा वरचा अर्धा इंच सतत ओलसर हवा. त्यासाठी दिवसातून दोन-तीनदा पाच-दहा मिनिटं हलकं पाणी द्या. एकदाच तासभर सोडलेलं पाणी बी वाहून नेतं आणि दुपारपर्यंत वरचा थर पुन्हा कोरडा पडतो. मोड फुटलेलं बी एकदा वाळलं की गेलं, त्याला दुसरी संधी नाही.

आता यातली खरी गोम. रायग्रास ५ ते १० दिवसांत उगवतं, फेस्क्यूला आठवडा ते दोन आठवडे लागतात आणि ब्लूग्रासला दोन ते चार आठवडे. आठव्या दिवशी हिरवळ दिसली की लोक खूश होऊन पाणी थांबवतात. त्या वेळी दिसत असतं ते फक्त रायग्रास. ज्याच्यासाठी जास्त पैसे मोजले ते ब्लूग्रास मातीत नुकतं फुगत असतं आणि तिथेच मरतं. म्हणून पोत्यातल्या सगळ्यात मंद बियाच्या हिशेबाने पाणी द्या.

सगळं उगवलं की उलटं करायचं: पाण्याच्या पाळ्या कमी आणि प्रत्येक पाळी जास्त वेळ. सहाव्या आठवड्यापर्यंत पाऊस धरून आठवड्याला १ इंच, एवढ्यावर या. लॉनवर रिकामे टूनाचे डबे ठेवले की इंच मोजता येतो.

> तपासणी: नवं गवत साडेतीन-चार इंच झालं की पहिली कापणी, मोअरचं (गवत कापायच्या मशिनाचं) पातं नव्याने धार लावलेलं. बोथट पातं कोवळं रोप मुळासकट उपटतं.

५. सप्टेंबर–ऑक्टोबर: खत आणि तण

पोत्यावरचे तीन आकडे म्हणजे नत्र, स्फुरद, पालाश, आपल्याकडच्या युरिया-डीएपीच्या गोणीवर असतात तसेच. एका वेळी १,००० चौरस फुटांना जास्तीत जास्त १ पौंड नत्र द्यायचं. हिशेब असा: १०० ला नत्राच्या आकड्याने भागा. पोतं २४-०-८ असेल तर १०० भागिले २४, म्हणजे साधारण ४.२ पौंड खत. अर्धाच पौंड नत्र हवं असेल तर २.१ पौंड. नव्या पेरणीला उगवणीनंतर चार-सहा आठवड्यांनी अर्धा पौंड पुरतं.

मधला आकडा शून्य का, असं बरेच जण विचारतात. मिनेसोटात २००५ पासून राज्यभर लॉनवर स्फुरद टाकायला बंदी आहे. नवं लॉन पेरताना किंवा माती परीक्षणात कमतरता निघाली तरच ते चालतं. स्फुरद वाहून तळ्यात गेलं की शेवाळं माजतं. फूटपाथवर, ड्राइव्हवेवर सांडलेलं खत झाडून परत लॉनवर ढकला. मिनेसोटात तोही कायद्याचा भाग आहे.

"विंटरायझर" (हिवाळ्याआधी टाकायचं खत) लिहिलेली पोती दुकानात नोव्हेंबरपर्यंत दिसतात. माझं मत सरळ आहे: इतक्या थंड भागात शेवटचं नत्र ऑक्टोबरच्या मध्याआधी टाकावं. माती गार पडली की मुळं नत्र फार थोडं उचलतात, उरलेलं वितळत्या बर्फाबरोबर वाहून जातं. गोठलेल्या जमिनीवर तर खत टाकूच नये.

डँडेलियन या पिवळ्या फुलांच्या तणाचा बंदोबस्त शरदातच करा. या काळात ते अन्न मुळांकडे नेत असतं, त्यासोबत औषधही मुळापर्यंत जातं. मे महिन्यात फवारलं तर पानं मरतात आणि मूळ पुन्हा फुटतं. पण ज्या भागात नवी पेरणी केली आहे तिथे किमान दोन-तीन कापण्या होईपर्यंत कुठलंही तणनाशक नको. ओंटारिओत २००९ पासून घरच्या लॉनवर नेहमीची रासायनिक तणनाशकं वापरता येत नाहीत. तिथे लोहयुक्त फवारा किंवा लांब दांड्याचं खुरपं, आणि मला विचाराल तर पावसानंतरच्या मऊ जमिनीत खुरपंच बरं.

६. पानगळ ते पहिला बर्फ

पानं पोत्यांत भरून रस्त्यावर ठेवायची घाई नको. वाळलेल्या पानांवरून मोअर दोनदा फिरवला की नाण्याएवढे तुकडे होतात, ते गवताच्या मुळाशी उतरतात आणि वसंतापर्यंत कुजतात. निम्म्याहून जास्त लॉन पानांखाली दडलं असेल किंवा पानं ओली असतील तर मात्र गोळा करा. ओल्या पानांची चादर बर्फाखाली राहिली तर खालचं गवत गुदमरतं.

गवत वाढायचं थांबेपर्यंत कापत राहा. शेवटची कापणी अडीच इंचांवर. लांब गवत बर्फाखाली आडवं पडून त्याचा नमदा होतो, त्यात स्नो मोल्ड ही बुरशी वाढते आणि व्होल नावाचे छोटे उंदीर त्याच आडोशाने बोगदे काढतात. दुसऱ्या टोकाला जाऊन एक इंचावर छाटलंत तर रोपाचा वाढबिंदूच उघडा पडतो.

घरच्या तीन गोष्टी याच आठवड्यात: पाण्याचा पाइप भिंतीतल्या नळापासून सोडवा, त्या नळाचा आतला व्हॉल्व्ह बंद करा, आणि स्प्रिंकलरच्या नळ्यांतलं पाणी कॉम्प्रेसरने उडवून घ्या. पाइप लावलेलाच राहिला तर भिंतीच्या आतली नळी फुटते आणि ते कळतं वसंतात, तळघरात पाणी आल्यावर.

७. नोव्हेंबर: सुप्त पेरणी

सप्टेंबरची संधी हुकली तर ऑक्टोबरात घाई करू नका. तेव्हा बी उगवतं खरं, पण दोन पानांवर असताना जमीन गोठते. मातीचं तापमान ४० अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे साधारण ४ सेल्सिअसच्या खाली स्थिरावेपर्यंत थांबा. बहुतेक ठिकाणी ही वेळ नोव्हेंबरच्या मध्यानंतर येते. मग टकलाच्या जागी रेकने माती ओरबाडून बी टाका आणि पायाने दाबा. पाणी नको, खत नको. ते झोपून राहील आणि जमीन उबली की स्वतःच्या वेळेने उगवेल. थोडं बी वाया जातं, म्हणून थोडं जास्त टाका.

*रानफुलं*

रानफुलांसाठी मात्र ही पहिल्या पसंतीची पेरणी आहे. मिल्कवीड, ब्लेझिंग स्टार अशा इथल्या बऱ्याच मूळ प्रेअरी (गवताळ मैदानी) फुलांच्या बियांना काही आठवडे ओली थंडी मिळाल्याशिवाय त्या नीट उगवत नाहीत. वसंतात पाकीट फोडून टाकणाऱ्यांची निराशा होते ती यामुळेच. नोव्हेंबरात पेरलं की हिवाळा ते काम फुकट करतो.

निम्मं यश जागेच्या तयारीत आहे. लॉनवर बी भिरकावलं तर काहीही येत नाही, गवत त्याला जगू देत नाही. दिवसाला किमान सहा तास ऊन असलेली जागा निवडा. जूनमध्ये गवत अगदी बुडापर्यंत कापून त्यावर काळं प्लास्टिक किंवा एकमेकांवर चढवलेले पुठ्ठे आणि वर पाचसहा इंच लाकडाच्या चिपांचा थर, असं ऑक्टोबरपर्यंत झाकून ठेवा. काढताना चिपा आणि उरलेला पुठ्ठा रेकने बाजूला करा, खाली उघडी माती दिसली पाहिजे. त्यानंतर ती नांगरू, खणू, टिलर फिरवू नका. आपल्या शेतकरी हाताला हे जड जातं, पण प्रत्येक खणणीबरोबर खोल झोपलेलं तणाचं बी वर येतं.

दर चौरस फुटाला ४० ते ६० बिया पडतील इतकं मिश्रण पुरतं. मूळ प्रजातींचं बी विकणाऱ्या नर्सरी क्षेत्रफळ सांगितलं की तेवढं वजन करून देतात. काळ्या डोळ्याची सुझन, जांभळं कोनफ्लॉवर, बर्गमॉट, न्यू इंग्लंड ॲस्टर आणि सोबत लिटल ब्लूस्टेम हे गवत, एवढ्यानेही जूनपासून ऑक्टोबरपर्यंत फूल राहतं. बी ओलसर वाळूत मिसळून फोका म्हणजे सारखं पडतं, आणि कुठे पडलं तेही दिसतं. वर माती ओढू नका. पायाने किंवा रोलरने दाबा, बाकी गोठणं-वितळणं बघून घेईल.

> सावधान: दुकानातल्या "वाइल्डफ्लॉवर मिक्स"च्या रंगीत डब्यांत ऑक्सआय डेझी, डेम्स रॉकेट अशी बाहेरून आलेली आणि पसरत सुटणारी झाडं असू शकतात. डब्यावर शास्त्रीय नावांची यादी नसेल तर घेऊ नका. आणि मिल्कवीडचा चीक डोळ्यात जाता कामा नये, मुलांना आधीच सांगून ठेवा.

पेरण्याआधी शहराचा गवताच्या उंचीचा नियम आणि घरमालक संघाची नियमावली पाहा. मिनेसोटात २०२३ च्या कायद्याने शहरांना निगा राखलेल्या नैसर्गिक बागा चालवून घ्याव्या लागतात. तरीही पट्ट्याभोवती दोन-तीन फूट कापलेली कड ठेवा, शेजाऱ्यांच्या तक्रारी निम्म्यावर येतात.

८. हिवाळा

फारसं काम नाही, फक्त काही गोष्टी टाळायच्या. ड्राइव्हवेचा मीठ मिसळलेला बर्फ लॉनवर एकाच ठिकाणी रचू नका. साधं मीठ १५ अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे उणे ९ सेल्सिअसच्या खाली नीट काम करत नाही, त्यामुळे त्या थंडीत जास्त मीठ ओतून उपयोग नाही, वाळू टाका. बर्फ नसताना सकाळी गोठलेल्या गवतावर चालू नका, पाती मोडतात आणि पावलांच्या काळ्या खुणा राहतात.

९. वसंत: हात आवरा

बर्फ गेला की लगेच रेक घेऊन धावू नका. लॉनवर चालून पाहा, पावलाचा ठसा पाण्याने भरला तर आणखी थांबा. जमीन घट्ट झाली की हे करा:

- करड्या किंवा गुलाबी चिकटलेल्या चकत्या म्हणजे स्नो मोल्ड. हलक्या रेकने पाती सुटी करा, वारा लागू द्या. औषधाची गरज नाही.
- व्होलच्या नागमोडी वाटा बहुतेकदा आपोआप भरून येतात.
- रस्त्याकडेच्या मिठाने पिवळ्या पडलेल्या पट्टीला दोन-तीनदा भरपूर पाणी देऊन मीठ खाली धुवा. नवं बी त्यानंतरच.
- खत एप्रिलमध्ये नको, मेअखेरपर्यंत थांबा. लवकर दिलेल्या नत्राने पाती वाढतात, मुळं नाही.

क्रॅबग्रास रोखणारं औषध मातीचं तापमान सलग काही दिवस ५० ते ५५ अंश फॅरनहाइट, म्हणजे १० ते १३ सेल्सिअस झालं की टाकायचं. जिथे नोव्हेंबरात गवताचं बी टाकलं आहे तिथे नाही. तिथे ते चालवायचंच असेल तर नव्या पेरणीला चालणारा मेसोट्रायोन हा घटक असलेलं, आणि तेही लेबलवर तुमच्या गवताचं नाव असेल तर. रानफुलांच्या पट्ट्याजवळ यातलं काहीही नेऊ नका.

त्या पट्ट्यात पहिल्या वर्षी तणच जास्त दिसेल. फुलझाडं तेव्हा जमिनीखाली मुळं वाढवत असतात. तण १० ते १२ इंच झालं की स्ट्रिंग ट्रिमरने ६ इंचांवर कापा, मोसमात तीन-चारदा तरी. मोअर इतका उंच चालत नाही. तण उपटायला जाऊ नका, सोबत बारकी रोपं येतात. दुसऱ्या वर्षी सुझन फुलेल, बाकीच्यांना बहुधा तिसरं वर्ष लागतं. पहिल्या फुलोऱ्यानंतर वाळलेल्या काड्या हिवाळाभर उभ्या ठेवा आणि वसंतात दीड फुटावर छाटा. त्या पोकळ बुंध्यांत इथल्या एकट्या राहणाऱ्या मधमाश्या अंडी घालतात, म्हणून ती खुंटं पुढचा उन्हाळाभर तशीच राहू द्या.